घरची वाणी आणि शाळेची भाषा
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी भाषणाची आज्ञा केली तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. विद्वत्ता माझ्या वाट्यास आलेली नाही. परंतु 1984 पासून बत्तीस वर्षे मी या पिंपरी-चिंचवडात प्राथमिक शाळेत मुले शिकविली. त्या काळात माझ्या हातून एक चूक घडली. ती आपल्या माणसांत बोलून दाखवावी, एवढ्यासाठी उभा राहिलो आहे.

आपण मंडळी मूळची धुळे-जळगावकडची. आपले वडीलधारे येथे का आले, हे तरुणांस क्वचितच ठाऊक असते. 1954 मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पाहता पाहता भोसरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यातच 1972 चा दुष्काळ आला. कोरडवाहू शेतीवरचा उरलासुरला भरवसाही उडाला. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची 1970 साली नगरपालिका झाली, 1982 साली महानगरपालिका. 1991 च्या जनगणनेत येथील वस्ती 5 लाख 17 हजार होती. 2001 मध्ये ती 10 लाख 12 हजार झाली आणि 2011 मध्ये 17 लाख 27 हजार. दहा वर्षांत दुप्पट होणाऱ्या गावात शेजाऱ्याची नीट ओळख होते न होते तोच त्याचे बिऱ्हाड हललेले असते.

ही सारी भरती माझ्या वर्गात दिसे. एकाच बाकावर लातूरकडचा मुलगा 'करायलोय' म्हणे, अकोल्याचा 'करून राहिलो' म्हणे, आणि मावळातला 'आलतो, गेलतो' म्हणे. कानांना मोठी मौज वाटे. पण मी शिक्षक पडलो. लाल शाई हाती होती.

एका वर्षी सहामाहीनंतर चौथीत एक मुलगा आला. पुस्तक कोठे आहे, असे मी विचारले. तो उभा राहून म्हणाला, "घर राही गयं." वर्ग हसला, आणि ज्ञातिबांधवहो, मीही हसलो. जी वाणी मी आईच्या मांडीवर ऐकली, तिला हसलो! मग फळ्यावर 'घरी राहिले' असे लिहून त्याच्याकडून पाच वेळा म्हणवून घेतले. त्या दिवसापासून वर्षअखेरपर्यंत तो 'हो' आणि 'नाही' यांपलीकडे वर्गात काही बोलला नाही. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात 'शांत व आज्ञाधारक' असा शेरा दिला.

निकालाच्या दिवशी त्याची आई आली. ती अडखळत म्हणाली, "गुरुजी, पोऱ्या आता घरीबी बोलत नाही. मी बोलले की म्हणतो, 'तुला नीट बोलता येत नाही.'" आईशी बोललेले ते एक वाक्य मात्र अगदी शुद्ध होते, ते मीच शिकविले होते. त्या माउलीशी मी तिच्या बोलीत दोन शब्द बोललो असतो, तर तिचा संकोच गेला असता. तेही मजकडून झाले नाही, कारण खोलीत इतर शिक्षक बसले होते, आणि मी खानदेशातला आहे हे त्यांना मी कधी कळू दिले नव्हते.

पुढे थोडे वाचन केले तेव्हा उमगले की 'माले' हा काही 'मला'चा अपभ्रंश नव्हे. तो आपल्या जागी तितकाच जुना व नियमबद्ध आहे, आणि वऱ्हाडातही ऐकू येतो. शाळेची पुस्तके ज्या भागातील पंडितांनी सिद्ध केली, त्या भागाचे बोलणे प्रमाण ठरले, इतकेच. प्रमाण मराठी मुलांस यावीच. त्याविना अर्जही लिहिता येणार नाही. परंतु एक शिकविण्यासाठी दुसरी पुसण्याचे कारण नव्हते. 2011 च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे सुमारे साडेअठरा लाख होते. आपल्यापैकी किती घरांनी त्या रकान्यात 'मराठी' लिहिले, हे ज्याचे त्याने आठवावे.

बहिणाबाई चौधरींची गाणी 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली. त्यांची पूर्व खानदेशातील लेवा गणबोली आणि आपली अहिराणी या शेजारणी. ती कविता मी वर्गात मोठ्या आवाजात वाचून दाखवी, तिच्या गोडव्याचे कौतुक करी, आणि पुढच्याच तासाला तशाच शब्दाखाली लाल रेघ ओढी. कोणी विचारले नाही. मलाही सुचले नाही.

आपले घर तरी वेगळे कोठे आहे? वधूवर-सूचीच्या मजकुरात 'शुद्ध मराठी बोलणारी' अशी अपेक्षा पालक लिहितात. गावाहून आलेली आजी पाहुण्यांसमोर गप्प बसते. आणि आता बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराच्या हेलाची नक्कल आपलीच मुले करतात, तेव्हा आपण हसतो.

माझी विनंती लहानशी आहे. आपल्या वक्तृत्व व पाठांतर स्पर्धेच्या नियमपत्रिकेत 'केवळ शुद्ध मराठीत' असे तीन शब्द आहेत. ते मीच पंधरा वर्षांपूर्वी घातले होते. कार्यकारी मंडळाने ते खोडावेत. अहिराणीतील गोष्ट, ओवी वा म्हण सांगणाऱ्या मुलासाठी पहिली दोन बक्षिसे मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. आजी-आजोबा सांगावयास तयार असतील, तर त्यांचीही नावे घ्यावीत. मी दर रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात असतो. नावे तेथे नोंदवावीत.