आगाऊ पैसे

मराठीत ‘आगाऊ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. वेळेच्या आधी दिलेले पैसे आगाऊ, आणि नको तेथे पुढे पुढे करणारा मुलगाही आगाऊ. हे दोन अर्थ एकमेकांच्या किती जवळ नांदतात, हे मला बंगळूरला बदली होऊन आल्यावर दुसऱ्या वर्षी कळले.

पत्नीच्या माहेरचे मल्लेश्वरम् भागातील एक लहानसे जुने घर आमच्याकडे राहावयास आले. भिंतींवर लाकडी पट्ट्या, त्यांवर ठोकलेल्या तारा, आणि अर्थिंगचा कोठेही पत्ता नाही, अशी त्याची अवस्था होती. ज्या शहराच्या रस्त्यांवर १९०५ सालीच शिवसमुद्रच्या विजेचे दिवे लागले, त्या शहरात आपण अशा तारांखाली झोपावे, हे काही बरे नव्हे. तेव्हा सगळे वायरिंग नव्याने करून घ्यावयाचे ठरले. ओळखीतून एक वायरमन आला. त्याने घर पाहिले, माल आणि मजुरी मिळून ८०,००० रुपये सांगितले आणि पुढे म्हणाला, “सार, सगळी रक्कम आधी दिलीत, तर दहा दिवसांत काम संपवतो.”

मी सगळी रक्कम दिली.

आता हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण कचेरीत माझा दिवस दुसऱ्यांच्या बिलांवर शेरे मारण्यात जातो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, पैसे साधारणतः काम झाल्यावर किंवा माल मिळाल्यावरच द्यावेत. आगाऊ देणे भागच पडले, तर खाजगी कंत्राटदारास एकूण रकमेच्या ३० टक्क्यांहून अधिक देऊ नये, आणि त्यापोटी बँकेची हमी किंवा तत्सम तारण घ्यावे. हा नियम मला तोंडपाठ आहे. परंतु सरकारचे पैसे जपताना जो माणूस सावध असतो, तोच आपले पैसे देताना भिडस्त होतो. संध्याकाळी पत्नीने एवढेच विचारले, “अहो, सगळेच देऊन टाकलेत?” मी म्हणालो, “माणसावर विश्वास ठेवावा लागतो.” ती काही बोलली नाही.

चार दिवस काम उत्तम चालले. भिंतींना खाचा पडल्या, घरभर विटांचा भुगा झाला. पाचव्या दिवसापासून वायरमन दिसेना. फोन केला की एकच शब्द ऐकू येई : “नाळे.” नाळे म्हणजे उद्या. १९९० च्या सुमारास या प्रांतात अशी वदंता पसरली होती की, रात्री एक भूत दार ठोठावीत फिरते. त्यावर उपाय म्हणून लोकांनी दारांवर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहून ठेवले. भूत ते वाचून परत फिरे आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाची. तीन आठवडे त्या भुताच्या जागी मी होतो.

अखेर एका रविवारी पत्ता काढून मी त्याच्या घरी गेलो. मनात फसवणूक, पोलीस, ग्राहक आयोग असे बरेच शब्द जुळवून ठेवले होते. दीड खोलीचे घर होते. त्याने मला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला आणि काही न लपवता हिशेब सांगितला. माझ्या आधीच्या घरी त्याने पदरचे पैसे घालून काम पुरे केले होते. तेथील मालकांनी शेवटचे ३०,००० रुपये ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणत चार महिने थांबवले होते. तारांच्या दुकानदाराने उधार देणे बंद केले होते. माझ्या पैशांतून त्याने ती उधारी फेडली. आता माझ्या घरासाठी तारा आणावयाच्या, तर पुढचा कोणी गृहस्थ आगाऊ रक्कम देईपर्यंत थांबणे त्याला भाग होते.

मी जुळवून आणलेले शब्द तसेच राहिले. त्याने माझ्यावर अन्याय केला होता, यात शंका नाही. माझे पैसे माझ्या कामासाठी होते. पण त्या अन्यायाचा उगम त्याच्या खोलीत नव्हता. तो माझ्यासारख्याच एका सुस्थितीतील माणसाच्या दिवाणखान्यात होता.

काम आणि मोबदला यांच्यामध्ये नेहमी काही काळ जातो, आणि त्या काळाचा भार कोणाला तरी वाहावा लागतो. आपल्या गावगाड्यात तो बलुतेदार वाहत असे. सुतार-लोहार वर्षभर कुणब्याची आऊते दुरुस्त करीत आणि सुगीला खळ्यावर बलुते मागावयास जात. पदरात काय पडेल, हे बरेचसे देणाऱ्याच्या हाती असे. याच्या उलट ऊसतोड मजुरांची ‘उचल’. तेथे पैसे आधी मिळतात. पण तेच पैसे मजुराला हंगामभर मुकादमाशी बांधून ठेवतात. म्हणजे आधी देणारा नेहमी बुडतो असे नाही आणि आधी घेणारा नेहमी जिंकतो असेही नाही. दोघांत ज्याची बाजू लंगडी, भार त्याच्याकडे सरकतो.

बंगळुरात तर आधी पैसे मोजण्याची आपल्याला चांगली सवय आहे. येथे घरमालक दहा महिन्यांच्या भाड्याची अनामत घेत आले आहेत. वीज कंपनीही मीटर बसवताना अनामत ठेवून घेते. आपण मुकाट्याने देतो. वायरमनने निम्मे मागितले की मात्र आपल्या कपाळाला आठी पडते. याला कारण आहे. कंपनी उद्याही जागेवर सापडते. वायरमनच्या बाबतीत आपल्यापाशी केवळ एक फोन नंबर असतो. म्हणून आठी पडणे चूक नव्हे. पण तिच्या जागी नीट व्यवस्था यावयास हवी.

ती व्यवस्था आम्ही त्या दिवशी उभ्याउभ्याच ठरवली. उरलेला माल मी स्वतः त्याला बरोबर घेऊन बी. व्ही. के. अय्यंगार रस्त्यावरून आणला. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार, गीझरला चार, प्रत्येक गुंडाळीवर आयएसआयचे चिन्ह, हे सारे त्यानेच मला शिकवले. काही तारांचे पैसे मला दुसऱ्यांदा भरावे लागले; ती माझ्या भिडेची फी समजलो. त्याच्या आणि मदतनिसाच्या रोजच्या खर्चापुरते मी संध्याकाळी देत गेलो, आणि ते पुढे चुकते करावयाच्या हिशेबात धरले. सहा दिवसांत काम संपले.

विजेच्या कामात टप्प्याटप्प्याने पैसे देण्याला आणखी एक कारण आहे. रंग वाईट लागला तर दिसतो. गिलाव्याआड गेलेली तार दिसत नाही. हिरवी अर्थिंगची तार प्रत्येक प्लगपर्यंत पोहोचली की नाही, हे गिलावा होण्यापूर्वीच पाहावयाचे असते. म्हणून पहिला हप्ता मालाचा, दुसरा नळ्या बसून खाचा बुजण्याआधी, तिसरा तारा ओढल्यावर, आणि शेवटचा तपासणी झाल्यावर. ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे यंत्र बटण दाबताच खटकन पडते का, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. आणि या सर्वांच्या आधी, ठेकेदाराजवळ राज्याच्या विद्युत निरीक्षणालयाचा परवाना आहे का, हे विचारावे. कायद्याने असे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावयाचे असते. हा प्रश्न विचारण्यात अपमान नाही. मी तो विचारला नव्हता.

एक गोष्ट मात्र उरते. शेवटचा हप्ता आपल्या हातात राहतो, तो काम नीट व्हावे म्हणून; आपली सोय व्हावी म्हणून नव्हे. काम पुरे झाले की त्याच दिवशी तो द्यावा. वायरमनला आगाऊ मागण्याची सवय लावणारे बहुधा आपणच असतो.

त्या रविवारी घरी परतताना मला मागच्या वर्षीचा सुतार आठवला. कपाटाचे एक दार किंचित घासते, या सबबीवर मी त्याचे १,५०० रुपये ठेवून घेतले होते. दार त्याने पुढच्याच आठवड्यात येऊन नीट करून दिले होते. पैसे द्यावयाचे राहून गेले होते. त्याच संध्याकाळी मी ते पोहोचते केले. त्याने ते मोजले नाहीत. आश्चर्याने माझ्याकडे पाहिले मात्र, आणि ते आश्चर्य मला काही सुखाचे वाटले नाही.