शिक्षकांचे शिक्षक : बाळशास्त्री जांभेकर



ज्युबिलीच्या प्रसंगीं मागल्या पिढ्यांचें ऋण स्मरावें, अशी आपली रीत आहे. आज मी आपल्याच कोंकणांतील एका पुरुषाचें चरित्र आपणांपुढें ठेवितों. मराठी वृत्तपत्रांचे जनक म्हणून बाळशास्त्री जांभेकर सर्वांस ठाऊक आहेत. परंतु शिक्षक तयार करण्याचें जें काम त्यांनीं आयुष्याच्या अखेरीस पत्करलें, त्याची आठवण क्वचितच होते.

बाळशास्त्र्यांचा जन्म १८१२ सालीं देवगड तालुक्यांतील पोंभुर्ले येथें झाला. हें गांव १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांत होतें. आतां तें सिंधुदुर्गांत आहे. वडील गंगाधरशास्त्री पुराणिक असल्यामुळें संस्कृताचे पाठ घरींच मिळाले. पुढें ते मुंबईस इंग्रजी शिकले. १८३२ च्या ६ जानेवारीस त्यांनीं 'दर्पण' काढिलें. १८३४ सालीं ते एल्फिन्स्टन कॉलेजांत अध्यापक झाले. एतद्देशीयांत हा मान त्यांचा पहिला. १८४० मध्यें निघालेल्या 'दिग्दर्शन' मासिकानें मराठी वाचकांस शास्त्रांची ओळख करून दिली.

त्या काळीं नव्या शाळा निघत होत्या, पण त्यांत शिकवावें कोणीं? जुन्या पंतोजीस अक्षर, हिशेब आणि पाठांतर येई. भूगोल, व्याकरण व बीजगणित यांचा त्यास गंधही नसे. बाळशास्त्री शाळा तपासीत, त्यामुळें ही उणीव त्यांस डोळ्यांपुढें दिसे. १८४५ सालीं मुंबईंत अध्यापकवर्ग, म्हणजे त्या वेळचा 'नॉर्मल क्लास', निघाला व त्याचें संचालकत्व त्यांजकडे आलें. एक शाळा चालविणारा शंभर मुलें शिकवील; पण शंभर शिक्षक शिकविणारा शंभर गांवें शिकवितो. त्याच वर्षीं त्यांनीं ज्ञानेश्वरीची शिळाप्रतही छापून काढिली. नवी विद्या आणावी, पण आपल्या भाषेचें धन टाकूं नये, हा त्यांचा बाणा होता.

येथें एक प्रसंग टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १८४३ सालीं नारायण शेषाद्रि यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारिला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरीं राहिला होता. न्यायालयानें त्यास पित्याच्या स्वाधीन केलें. या मुलास प्रायश्चित्त देऊन जातींत परत घ्यावें, म्हणून बाळशास्त्री उभे राहिले आणि स्वजनांचा रोष त्यांनीं सोसला. त्या वादांत ते आपल्या पक्षाचे नव्हते. तरीही अजाण मुलास घराचें दार बंद होऊं नये, यासाठीं त्यांनीं जी झीज सोसली, तीपुढें आपण कोणत्याही पक्षाचे असलों तरी मस्तक नमवावें.

अध्यापकवर्गाचें काम त्यांस फार दिवस लाभलें नाहीं. १८४६ च्या मे महिन्यांत त्यांचें निधन झालें. तेव्हां त्यांनीं पस्तिशीही गांठली नव्हती. त्यांच्या मागें व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनीं तो वर्ग सांभाळिला. पेरणारा गेला, पण शेत पडीक राहिलें नाहीं.

शिक्षकबंधूंनो, आपल्या श्रमाचें फळ बहुधा आपणांस दिसत नाहीं. वर्षामागून वर्ष मुलें येतात आणि जातात. कोणाच्या मनांत कोणता शब्द रुजला, हें कळत नाहीं. अशा वेळीं पोंभुर्ल्याच्या या शास्त्र्याची आठवण करावी. त्याच्या हातून शिकलेल्यांचीं नांवें आज आपणांस येत नाहींत; तरी गांवोगांवच्या शाळेंत फळ्यापुढें उभा राहणारा प्रत्येक मराठी शिक्षक त्याच्याच वंशांतला आहे.