वाकड्या शेताचे क्षेत्रफळ

(धर्माबाद येथे शेतकऱ्यांपुढे दिलेले भाषण)



मिरचीची रोपे, खताची मात्रा, नांगरटीचे भाडे, सारा हिशेब एकरावर चालतो. पण गोदाकाठच्या या भागात नाल्याने कापलेले शेत पाटासारखे चौरस थोडेच असते? मग आपण समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढतो आणि दोन्ही सरासरींचा गुणाकार करतो. रीत सोपी आहे खरी, पण काटकोनी शेत सोडले तर ती नेहमी जास्तच क्षेत्र दाखवते.

समजा, शेताच्या बाजू ओळीने 165, 266, 251 व 140 फूट आहेत. सरासरी 208 आणि 203, गुणाकार 42,224 चौरस फूट. गुंठा 33 × 33, म्हणजे 1,089 चौरस फुटांचा. तेव्हा हे शेत सुमारे पावणेएकोणचाळीस गुंठे झाले. ट्रॅक्टरवाला सरळ एकर धरणार!

आता 140 व 165 च्या बाजू जिथे मिळतात, त्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणा. ती भरते 330 फूट. शेताचे दोन त्रिकोण झाले. उरलेल्या कोपऱ्यावर टेपचे टोक धरून टेप दोरीवर मागेपुढे सरकवा. सर्वांत कमी येईल ते अंतर म्हणजे लंब. एका बाजूचा 132 फूट, दुसऱ्या बाजूचा 99. पाया गुणिले लंब, त्याचे निम्मे. एक त्रिकोण 20 गुंठे, दुसरा 15. शेत 35 गुंठ्यांचेच आहे. पावणेचार गुंठ्यांचे भाडे, खत आणि औषध फुकट गेले असते.

भास्कराचार्यांनी 1150 साली 'लीलावती'त, कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला पिशाचच म्हटले आहे! चार काठ्यांची चौकट बांधून कोपऱ्यात दाबून पाहा. बाजू त्याच राहतात, आतली जागा कमी होते.

नाल्याकडची कड वाकडी असेल तर आत सरळ दोरी ताणून दर 33 फुटांवर दोरीपासून काठापर्यंत काटकोनात अंतर मोजा. लगतच्या दोन मापांची सरासरी गुणिले 33, अशा पट्ट्या मिळवत जा. विहीर वजा करा. 28 फूट व्यासाची विहीर 616 चौरस फूट, अर्ध्या गुंठ्याहून जास्त जागा घेते. सातबाऱ्यावरील एकूण क्षेत्रात पोटखराबाही असतो, म्हणून खताचा हिशेब पेरलेल्या क्षेत्रावरच करावा. बांधाचा वाद असेल, तर मात्र ही दोरी बाजूला ठेवून भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज द्यावा.