सरासरी तापमान : शंका आणि कसोटी



‘पृथ्वीचे सरासरी तापमान’ असे काही नसतेच, हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००७ साली एसेक्स, मॅककिट्रिक आणि अँड्रेसन यांनी तो एका शास्त्रीय नियतकालिकात मांडला. उष्णतेची बेरीज होते, तापमानाची होत नाही. सहारा आणि सायबेरियाचे आकडे मिळवून दोनाने भागले, तर येणारे तापमान कुठल्याच गावचे नसते. एवढे म्हणणे मला मान्य आहे.

पण शास्त्रज्ञांचा हिशेब वेगळा असतो. महाबळेश्वर पुण्याहून थंड. तरी ज्या वैशाखात पुणे नेहमीपेक्षा जास्त तापते, त्या वैशाखात बहुधा महाबळेश्वरही तापते. म्हणून प्रत्येक केंद्राचा आकडा त्याच्याच जुन्या सरासरीशी ताडतात आणि फक्त फरक धरतात. हा फरक शेकडो किलोमीटर मिळताजुळता राहतो, हे हॅन्सन आणि लेबेडेफ यांनी १९८७ मध्ये दाखवले. कोसाकोसावर तापमापक नसले, तरी हिशेब अडत नाही.

दुसरी शंका खुद्द मोजणीवरच. वेधशाळेतली स्टीव्हन्सन पेटी पाहा. पांढरा रंग, हवा खेळावी म्हणून तिरक्या पट्ट्यांच्या भिंती, जमिनीपासून चारेक फूट उंची. दार उत्तरेला, म्हणजे उघडताना तापमापकावर ऊन पडू नये. इतकी काळजी घेऊनही शेजारी इमारती उठल्या की आकडा चढतो. समुद्रावर खलाशी कॅनव्हासच्या बादलीने पाणी वर ओढत. मोजेपर्यंत ते थोडे निवलेले असे. अशा नोंदी दुरुस्त कराव्याच लागतात आणि दुरुस्ती म्हटली की संशय येतो. पण बादलीच्या दुरुस्तीने जुने आकडे वर सरकतात, म्हणजे एकूण तापमानवाढ कमी दिसते. वाढ फुगवायची असती, तर ही दुरुस्ती कोणी केली नसती.

बर्कलेचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड मुलर यांनाही या नोंदींबद्दल शंका होती. त्यांनी स्वतंत्र गट उभारून हजारो केंद्रांच्या नोंदी नव्याने तपासल्या. २०१२ मध्ये त्यांनी निष्कर्ष सांगितला : अडीचशे वर्षांत जमिनीवरचे तापमान सुमारे दीड अंशाने वाढले आणि त्याला जवळजवळ सर्वस्वी माणूस कारणीभूत आहे. आपले मत बदलल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. शंकेचा मान राखायचा तो असा.

आता ‘सामान्य हवामान’. ते म्हणजे तीस वर्षांची सरासरी. हा माणसांनी ठरवलेला संकेत आहे, निसर्गाचा नियम नाही. ती सरासरी दर दहा वर्षांनी नवी होते. आपल्या मोसमी पावसाची सरासरी मात्र पन्नास वर्षांची धरतात; १९६१ ते २०१० या काळावरून ती ८८ सेंटिमीटर होती. १९७१ ते २०२० धरल्यावर ती ८७ झाली. तापमानाच्या बाबतीत इथेच सावध राहायला हवे. १९९१ ते २०२० हा काळ आधीच तापलेला. त्याच्याशी ताडले, तर आजचा उन्हाळा सौम्य भासेल. म्हणून जागतिक वाढ १८५० ते १९०० या काळाशी ताडतात.

माझी विनंती एवढीच. तापमानाचा आकडा वाचाल तेव्हा ‘कोणत्या काळाच्या तुलनेत?’ हे जरूर विचारा. शंका मनमोकळी घ्या. आणि पुराव्यानिशी उत्तर मिळाले, की ते तितक्याच मोकळेपणाने स्वीकारा.