हाताला पेलेल ते धनुष्य



लहानपणी बांबूची कामटी वाकवून, तिला सुतळी बांधून, एरंडाच्या काडीचा बाण ज्याने मारला नाही असा माणूस खेड्यात विरळाच. पुढे शाळा, शेती, नोकरी आणि संसार यांत ते सुटते. मग चाळिशी आली, मुले हाताशी आली, की एखाद्याला वाटते, पुन्हा नेम धरून पाहावा. कोणी दुकानात चौकशी करतो, कोणी परदेशी शिकारी धनुष्यांची चित्रे पाहून हरखून जातो. अशा परतून येणाऱ्या नवशिक्याने नवे धनुष्य घेताना काय पाहावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. शाळेसाठी धनुष्य घेऊ पाहणाऱ्या शिक्षकांनाही यातले बरेचसे लागू पडेल.

पहिला प्रश्न असा की, धनुष्य कशासाठी हवे? शिकारीसाठी असे उत्तर असेल, तर तो विचार इथेच सोडून द्यावा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात शिकारीला बंदी आहे आणि त्या कायद्यातील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे. ससा असो, तितर असो, की मोर असो, ‘बंदूक नव्हती, नुसता तीर होता’ ही सबब चालत नाही. पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकराच्या बाबतीतही वनाधिकाऱ्याच्या लेखी हुकुमाशिवाय हात उचलता येत नाही.

हे आधी सांगण्याचे कारण आहे. अमेरिकेत धनुष्याने हरणाची शिकार कायदेशीर आहे, आणि तेथील अनेक राज्यांत धनुष्याचा ताण किमान किती असावा हे नियमाने ठरलेले आहे. जनावर जखमी होऊन तडफडू नये, हा त्यामागचा हेतू. म्हणून तिकडच्या जाहिरातींत साठ पौंड, सत्तर पौंड असे आकडे मोठ्या अभिमानाने छापतात. आपल्याला भेदायचे आहे ते गवताच्या गठ्ठ्यावर लावलेले कागदी चक्र. त्याला साठ पौंडांची गरज काय?

आता हा ‘पौंड’ समजून घेऊ. चाळीस पौंडांचे धनुष्य म्हणजे धनुष्याचे वजन नव्हे. दोरी ठरावीक अंतरापर्यंत, बहुधा 28 इंचांपर्यंत, ओढून धरायला जो जोर लागतो तो चाळीस पौंड, म्हणजे सुमारे 18 किलो. एकदा ओढायला हे फार वाटत नाही. शेतात राबलेला माणूस ते सहज ओढील आणि दुकानदाराकडे विजयी मुद्रेने पाहील. पण नेमबाजी एका बाणाची नसते. स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत 72 बाण मारावे लागतात. 18 किलो गुणिले 72 म्हणजे जवळजवळ 13 क्विंटल झाले. कांद्याची गोणी पन्नास किलोची धरली तर सव्वीस गोण्या! आणि त्या पाठीवर नव्हे, तर तीन बोटे आणि एक खांदा यांवर तोलायच्या.

परतून येणाऱ्याची खरी फसगत इथेच होते. मनाला वीस वर्षांपूर्वीचा हात आठवत असतो आणि दुकानात मात्र आजचा हात आलेला असतो. जड धनुष्य घेतले की खांदा वर चढतो, मान आखडते, दोरी हनुवटीपर्यंत येण्याआधीच सुटते. नेम लागत नाही. महिन्याभरात खांदा दुखू लागतो आणि धनुष्य खुंटीला लागते. पैसा गेला, हौस गेली, वर दुखणे राहिले.

आपल्या जुन्या कथांनी हे केव्हाच सांगून ठेवले आहे. द्रौपदीच्या स्वयंवरात बहुतेक राजांची गाडी नेमापर्यंत पोचलीच नाही. धनुष्याला दोरी चढवतानाच ते आपटले. सीतास्वयंवराच्या कथेत कीर्तनकार रावणाला धनुष्याखाली दाबून ठेवतात आणि श्रोते पोट धरून हसतात. तो रावण दुकानात आपल्या शेजारी उभा असतो, एवढे ध्यानात ठेवा.

तर मग ताण किती घ्यावा? प्रौढ नवशिक्याने वीस ते सव्वीस पौंडांच्या दरम्यान सुरुवात करावी. शाळकरी मुलांना बारा ते अठरा पुरे. धनुष्य हातात घेऊन एक परीक्षा करा. ताठ उभे राहा. डावा हात समोर, जमिनीला समांतर धरा. दोरी सावकाश हनुवटीखाली आणा. मनात दहा अंक मोजा आणि तितक्याच सावकाश दोरी परत न्या. असे सहा वेळा करा. सहावी खेप पहिलीसारखीच झाली तर धनुष्य तुमचे. दोरी ओढण्यासाठी धनुष्य आभाळाकडे न्यावे लागले, कंबर मागे गेली किंवा हात थरथरला, तर त्याहून हलके मागा. मागताना लाजू नका. मात्र बाण लावल्याशिवाय ओढलेली दोरी कधीही सोडून देऊ नका. बाणात जायचा जोर मग धनुष्यातच उलटतो आणि चांगले धनुष्यही तडकते.

दुसरे माप तुमच्या ओढीचे. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत अंतर मोजा आणि त्याला अडीचने भागा. 65 इंच भरले तर तुमची ओढ साधारण 26 इंच. ओढ 28 हून कमी असेल तर दर इंचामागे सुमारे दोन पौंड ताण कमी पडतो. म्हणजे तीस पौंड लिहिलेले धनुष्य तुमच्या हातात सव्वीसच पौंडांचे असते. बाण मात्र ओढीपेक्षा इंच-दोन इंच लांबच घ्यावा. आखूड बाण टेकणीवरून आत घसरला तर तो हातातच घुसायचा.

तिसरी गोष्ट डोळ्याची. दोन्ही तळहात जुळवून लहानशी खिडकी करा आणि तिच्यातून दूरच्या लिंबाचा शेंडा पाहा. आता एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला शेंडा जागेवर दिसतो तो तुमचा मुख्य डोळा. तो उजवा असेल तर दोरी उजव्या हाताने ओढायची. धनुष्य घेण्यापूर्वीच हे पाहिलेले बरे, कारण डाव्या आणि उजव्या हाताची धनुष्ये वेगवेगळी असतात.

आता प्रकार कोणता घ्यावा? बाजारात मुख्यतः तीन मिळतात. पहिले बांबूचे. आपल्या जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात भिल्ल बांधवांच्या घरी ते पिढ्यान्‌पिढ्या होत आले. काठी बांबूची आणि पुष्कळदा दोरीही बांबूच्याच सालीच्या चिवट पट्टीची! ते स्वस्त असते आणि हात तयार करते. आपल्याकडे ‘इंडियन राउंड’ म्हणून बांबूच्या धनुष्याची स्वतंत्र स्पर्धाही होते. दुसरे, ज्याची टोके पुढे वळलेली असतात ते ‘रिकर्व्ह’. तिसरे, टोकांना चाके असलेले ‘कंपाउंड’. अमेरिकेतल्या हॉलेस विल्बर ॲलन यांना त्याचे पेटंट 1969 साली मिळाले. त्यात पूर्ण ओढल्यावर चाकांमुळे बराचसा भार हलका होतो. पण ते महाग, आणि त्याची दुरुस्ती घरी होत नाही.

परतून येणाऱ्याला माझा सल्ला सुट्या भागांच्या रिकर्व्हचा. त्याची मूठ वेगळी आणि दोन्ही पाती वेगळी असतात. आज बावीस पौंडांची पाती लावा. सहा महिन्यांनी हात भरला की मूठ तीच ठेवून चोवीस किंवा सव्वीसची पाती घ्या. बैल बदलला म्हणून आपण गाडी मोडत नाही, तसेच हे. काम झाले की दोरी उतरवून धनुष्य सावलीत ठेवावे. आणि सगळे पैसे धनुष्यातच घालू नयेत. त्याच्या ताणाला जुळतील असे सारखे सहा बाण, बोटांचे चामडे आणि दंडपट्टी यांसाठी काही राखावे. बाण एकसारखे नसतील तर नेम कुणाचाच लागत नाही.

शिक्षकांना एक विनंती आहे. शाळेसाठी एकच भारी धनुष्य घेऊन कपाटात ठेवण्यापेक्षा चार हलकी घ्या. मैदानाच्या ज्या बाजूला मातीचा उंच बांध असेल तिकडेच तोंड करा. मागे गोठा, पायवाट, विहिरीची वाट नसावी. सगळ्यांचे बाण मारून होईपर्यंत कोणीही पुढे जाऊ नये. साताऱ्याच्या फलटण तालुक्यातील सरडे गावचा, मजुरांच्या घरातला प्रवीण जाधव 2021 साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये भारताकडून तिरंदाजीत उतरला. त्याला खेळाच्या वाटेला लावणारा माणूस जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक होता. साताऱ्याचीच अदिती स्वामी 2023 साली बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी जगज्जेती झाली आणि त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जगज्जेता ठरला. ही मुले आपल्याच मातीतली.

आमच्या देवळ्याहून जवळच सप्तशृंगगड आहे. देवीच्या अठरा हातांतल्या आयुधांत धनुष्यबाणही आहेत. अठरा हातांच्या देवीला कोणतेही शस्त्र जड नाही. आपल्याला हात दोनच, आणि त्यांचे वय झालेले. तेव्हा धनुष्य घ्यायला जाल तेव्हा आजचा हात बरोबर न्या आणि त्याला विचारूनच घ्या. हलके धनुष्य रोज हातात येते, जड धनुष्य भिंतीवर शोभते. रोज हातात येणाऱ्याचाच नेम एक दिवस लागतो.