आरी, दोरा आणि रंग

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला ‘निवृत्तीनंतरचा छंद’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. माझा छंद कातडे हाताने शिवण्याचा आणि रंगवण्याचा, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मागच्या वर्षी मी स्वतः शिवलेली पिशवी खांद्याला लावून विहारात आलो, तेव्हा एका ज्येष्ठ बंधूंनी मला बाजूला घेऊन विचारले, “आपल्या वाडवडिलांनी टाकून दिलेले कातडे तुम्ही पैसे मोजून परत घरात आणले?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, दुःख होते. मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

माझे आजोबा दिंडोरी तालुक्यातले. गावात जनावर मेले की ते ओढून नेण्याचा सांगावा आमच्या घरी येई. ओढणे आणि सोलणे महाराने करायचे, कातडे कमवायचे ढोराने, कापायचे-शिवायचे चांभाराने, आणि जोडा घालून मिरवायचे पाटलाने, अशी ती वाटणी होती. परमपूज्य बाबासाहेबांनी हे काम सोडा असे सांगितले. १९३० साली २ मार्चला याच नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. येवल्याहून परतल्यावर आजोबांनी दोर आणि सुरी पाटलाच्या ओट्यावर नेऊन ठेवली. त्यानंतर दोन सुगी आमच्या घरी कुणी मजुरीला बोलावले नाही. हे मी आईच्या तोंडून ऐकले आहे.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी याच विषयावरची एक आठवण सांगितली होती. मेलेल्या जनावरांचे कातडे, शिंगे, हाडे यांतून गावाला वर्षाचे ५०० रुपये सुटतात, ते अस्पृश्यांनी का सोडावे, असा हिशेब कुणीतरी वर्तमानपत्रात मांडला होता. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, ते ५०० तुम्हीच मिळवा, वर ५०० मी पदरचे देतो! माझ्या मते आपल्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. फायद्याचेच काम असते तर ते पुढे होऊन कुणीही केले असते. ते जन्माने गळ्यात बांधले होते आणि नाही म्हणण्याची सोय नव्हती. आजोबांनी सोडली ती ही सक्ती. मी कातडे दुकानातून मापून, भाव करून आणतो, आणि कंटाळा आला की आठ-आठ दिवस त्याकडे बघत नाही. आजोबांना हे कधी करता आले होते का?

आता प्रत्यक्ष कामाविषयी, कारण मुले पुढे बसली आहेत आणि त्यांना इतिहासापेक्षा आरी बघायची आहे.

कातडे प्रामुख्याने दोन तऱ्हांनी कमावलेले मिळते. एक बाभळीची साल, हिरडा अशा तुरट वनस्पतींनी, ज्याला बरेच दिवस लागतात. दुसरे क्रोमियमच्या क्षारांनी, ते लवकर होते. छंदासाठी सालीचे घ्या. ते ओलसर केले की घडी धरते, ठसा धरते, रंग पिते आणि कडा लाकडाने घोटल्या की काचेसारख्या गुळगुळीत होतात.

शिवणीसाठी एकच दोरा आणि दोन सुया लागतात, दोऱ्याच्या प्रत्येक टोकाला एक. दोरा शिवणीच्या लांबीच्या चौपट घ्यावा आणि मेणावरून ओढावा. टाके सारखे पडावेत म्हणून आधी खुणा करायच्या. मी पहिले सहा महिने घरातल्या जेवणाच्या काट्यानेच त्या केल्या. आरीचे पाते पत्त्यातल्या चौकटच्या खुणेसारखे असते, ते किंचित तिरपे धरून भोक पाडायचे. मग प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जाऊ द्यायच्या आणि दोन्ही हातांनी सारख्या जोराने ओढायचे. शिलाई मशीनच्या टाक्यात वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिवण सुटत जाते. दोन सुयांच्या टाक्यात एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. माझ्या खांद्यावरची ही पिशवी अशीच शिवली आहे, हवी तर नंतर ओढून पाहा.

रंगाची घाई करू नका. स्पिरिटमधले तयार रंग मिळतात. कातडे किंचित ओले करून फडक्याने गोल गोल, पातळ हात द्यावा. वाळला की दुसरा, मग तिसरा. एकदम गडद ओतला की डाग पडतो आणि तो निघत नाही. शेवटी कोरड्या फडक्याने पुसत राहावे, फडके स्वच्छ निघेपर्यंत. हा धडा मी एका पांढऱ्या सदऱ्याच्या मोलाने शिकलो. काळा रंग मात्र घरी होतो. लोखंडाचे जुने खिळे व्हिनेगरमध्ये आठ-दहा दिवस भिजत ठेवा (झाकण घट्ट लावू नका, वायू सुटतो), मग ते पाणी सालीच्या कातड्यावर फिरवा. डोळ्यांदेखत कातडे काळे पडते. सालीतले तुरट द्रव्य आणि लोखंड यांचा तो संयोग आहे. क्रोमच्या कातड्यात ते द्रव्य नसते, म्हणून तिथे हा प्रयोग साधत नाही. हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा.

हे सगळे मला शिकवले ते शहराच्या जुन्या भागात बसणाऱ्या एका वृद्ध चर्मकार काकांनी. पहिल्या दिवशी त्यांनी माझे आडनाव विचारले. मी सांगितले. ते थोडे हसले आणि म्हणाले, “तुमच्या लोकांना आमच्या घरात पाणी मिळत नव्हते, माहीत आहे ना?” मी म्हटले, माहीत आहे. मग त्यांनी चहा मागवला. आपल्यातल्या आपल्यात उतरंड होती, हे व्यासपीठावरून आपण फारसे बोलत नाही, बोलले पाहिजे. त्यांची मुले या धंद्यात नाहीत, त्याचा त्यांना आनंदही आहे आणि रुखरुखही.

जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या. आपल्याकडे ओरड झाल्यावर त्यामागे भारतीय हस्तकलेची प्रेरणा असल्याचे कंपनीने मान्य केले. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. त्या दिवसांत काकांनी मला वर्तमानपत्र दाखवून विचारले, “गावाचं नाव सगळे घेतात, शिवणाऱ्याचं कोण घेतो?”

शिवणाऱ्याचे नाव एके ठिकाणी मात्र कोरलेले आहे. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपावर विधिक नावाच्या चर्मकाराने कुटुंबासह पूर्णघटाची शिला दान दिल्याचा लेख आहे. त्यात ‘चम्मकार’ हा शब्द त्याने लपवलेला नाही.

काही जण पंचशीलाचा प्रश्न काढतात. तो योग्यच आहे. विनयपिटकातील महावग्गात चामड्यावर एक अख्खा खंधक आहे. सोण कोळिविस हा श्रीमंताचा सुकुमार मुलगा भिक्खू झाला, चंक्रमण करताना त्याचे पाय रक्तबंबाळ झाले. भगवंतांनी त्याला एकपदरी वहाणांची परवानगी दिली. त्याने ती एकट्यासाठी घेतली नाही, तेव्हा ती सर्व संघाला मिळाली. त्याच खंधकात नुसत्या निळ्या, पिवळ्या, तांबड्या, काळ्या वहाणा भिक्खूंना मना केल्या आहेत, म्हणजे रंगवण्याची हौस तेव्हाही होती! आणि चामड्यासाठी वासरू मारायला लावणाऱ्या भिक्खूची निंदाही तिथेच आहे. मी स्वतः तुकडे घेतो, कारखान्यातून उरलेले. तेवढ्याने प्रश्न पूर्ण मिटतो असे मी म्हणणार नाही.

माझी आई ८६ वर्षांची आहे. माझी पिशवी ती अजून हातात घेत नाही आणि कातडे स्वयंपाकघरात येऊ देत नाही. मी वाद घालत नाही. तिने ते दिवस पाहिले आहेत, मी नाही. तिने चष्म्यासाठी घर मागितले, तेव्हा मी ते जाड खादीचे शिवले, टाका मात्र दोन सुयांचा. दोन वर्षे झाली, एक दोरा उसवलेला नाही. ते ती उशाशी ठेवते.

रविवारी सकाळी दहा वाजता विहाराच्या मागच्या खोलीत मी बसणार आहे. आरी आणि मेण माझे, दोन बोथट सुया आपापल्या आणा. लहान मुलांनी मोठ्या माणसाबरोबर यावे.

जयभीम.