लूत, गोचीड आणि आपली नजर



आम्ही दोघंही पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, जनावरांचे डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण घरात सात वर्षं मोती नावाचा लॅब्राडोर आहे. आजचा निधी देशातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या उपचारासाठी, म्हणून समितीने बोलायचं काम आमच्या गळ्यात घातलं. विषय एकच: कुत्र्याची कातडी आणि केस.

आमच्या धंद्यात प्रोग्रॅम बिघडला की आधी लॉग उघडतात. कुत्र्याला "बरं वाटत नाही" असं सांगता येत नाही. त्याचा लॉग म्हणजे त्याची कातडी. मात्र ती वाचायची सवय हवी. स्प्रिंग आणि फॉलमध्ये केस झडायचेच, सोफ्याचा गालिचा व्हायचाच. त्याची चिंता नको. बघायचं ते एवढंच, की केस कुठले जातायत आणि सोबत खाज आहे का.

शेपटीच्या बुडाशी केस गेले आणि खाजवणं थांबत नाही, तर पहिला संशय पिसवांचा. कंगव्यात आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त! पंजे चाटून चाटून केस विटकरी झाले, कान वारंवार लाल होतात, तर बहुधा अ‍ॅलर्जी. गोल चट्टा दिसला तर नायटा असू शकतो. तो माणसांनाही लागतो, तेव्हा घरात लहान मुलं असतील तर वेळ काढू नका.

आणि खाज अजिबात नाही, पण दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ, शेपटी उघडी, वजन वाढतंय, दिवसभर झोप? "वय झालं त्याचं" म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइड कमी पडत असेल. आमच्या मोतीचं तेच निघालं. रक्ततपासणी झाली, रोजची गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत केस परत आले.

आपण न्यू जर्सीत राहतो, तेव्हा गोचिडीबद्दल बोलायलाच हवं. लाइम रोगात माणसाच्या अंगावर पुष्कळदा लाल चकंदळ उठतं. कुत्र्याच्या अंगावर ते सहसा दिसत नाही. इथे डोळ्यांपेक्षा हात कामाचा. फिरून आल्यावर कानामागे, बगलेत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली हात फिरवा. गावाकडे रॉकेलचा बोळा लावायचे, ते इथे नको. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढा. लाइमचे जंतू अंगात उतरायला साधारणपणे चोवीस तासांहून जास्त वेळ लागतो, म्हणून त्याच संध्याकाळी काढलेली बरी.

आपल्या औषधांच्या डब्यातलं मलम मात्र लावू नका. कुत्रा ते चाटणारच, आणि काही मलमं, उदाहरणार्थ सोरायसिसवरचं कॅल्सिपोट्रिऑल, त्याच्या जिवावर बेतू शकतात. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं हात फिरवा, शंका आली तर तारखेसकट फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता आजच्या निधीविषयी. आपल्या भाषेत "लूत भरलेलं कुत्रं" ही शिवी आहे. असं कुत्रं दिसलं की आपला हात दगडाकडे जातो. पण लूत म्हणजे काय? नीट दिसतही नाही इतका बारीक किडा. खरुजेचा किडा कानाच्या कडेला, कोपरावर बसतो आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातो. केसांच्या मुळाशी राहणारा दुसरा प्रकार असा पसरत नाही. कुत्र्याची प्रतिकारशक्ती कमी पडली की तो वाढतो. डॉक्टर कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात. आयसॉक्झॅझोलिन गटातल्या ज्या गोळ्यांना अमेरिकेत 2013 पासून पिसवा-गोचिडांसाठी मंजुरी मिळू लागली, त्या लुतीवरही चालतात. फक्त कुत्र्याला फिट येत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. एफडीएने 2018 मध्ये तशी सूचना दिली आहे.

म्हणजे लूत बरी होते. मोतीच्या कुशीवर हात फिरवायला आम्ही आहोत, रस्त्यावरच्या कुत्र्याला कोणी नाही. त्याच्या तपासणीचा आणि गोळीचा खर्च आज आपण उचलू या. दाराशी टेबलावर पाकिटं ठेवली आहेत, जाताना एक जरूर उचला.